प्लॅन वाढवूनही ऑफिसचे नेट स्लोच का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जीएसटी विवरणपत्राची ११ किंवा २० तारीख जवळ आली की कर सल्लागार, वाहतूकदार, दवाखाने, छोटे कारखाने अशा सगळ्या ऑफिसांतून एकच ओरड सुरू होते: नेट स्लो आहे. त्यावरचा उपायही ठरून गेलेला आहे. कस्टमर केअरला फोन लावायचा, तिकडून ‘सर, तुमचा शंभरचा प्लॅन आहे, तीनशेचा घ्या’ हा सल्ला ऐकायचा आणि दरमहा जास्तीचे पैसे मोजायला लागायचे. थोड्याच दिवसांत तक्रार पुन्हा जागच्या जागी. आमचे म्हणणे असे की, छोट्या ऑफिसातल्या मंद नेटचे कारण बहुतेक वेळा प्लॅन नसतोच. ते ऑफिसच्या वायरीत, वाय-फायमध्ये किंवा अपलोडच्या रांगेत असते, आणि नेमके कुठे आहे ते अर्ध्या तासात, फुकटात मोजता येते.

आधी साधा हिशेब. प्लॅनचा आकडा मेगाबिटमध्ये असतो आणि फाइल मेगाबाइटमध्ये दिसते. ८ बिटचा १ बाइट. म्हणजे १०० एमबीपीएसच्या (सेकंदाला १०० मेगाबिट) जोडणीवर फाइल उतरताना सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइट दिसणार, त्यात फसवणूक नाही. चांगल्या दर्जाच्या व्हिडिओ मीटिंगला माणशी ३ ते ४ एमबीपीएस पुरतात. पोर्टल, ई-मेल, बँकेची कामे यांना त्याहून कितीतरी कमी. दहा जण एकाच वेळी मीटिंगला बसले तरी मागणी चाळीसच्या वर जात नाही. मग शंभरातले उरलेले साठ जातात कुठे?

शोधाची सुरुवात एका चांगल्या केबलने आणि एका लॅपटॉपने करावी. बाहेरून येणारी इंटरनेटची वायर सोडून राउटरमधून बाकीच्या सगळ्या वायरी काढा, वाय-फाय बंद करा, लॅपटॉप थेट राउटरच्या लॅन पोर्टला लावा आणि स्पीड टेस्ट घ्या. वेग पूर्ण आला तर दोष ऑफिसच्या आत आहे. नाही आला तर राउटरमध्ये किंवा बाहेर. ही विभागणी न करता जो सेटिंग बदलायला लागतो, तो संध्याकाळपर्यंत सेटिंगच बदलत बसतो. टेस्ट दोन वेगवेगळ्या साइटवर घ्यावी, कारण एखाद्या साइटचा सर्व्हर पुष्कळदा सेवा देणाऱ्या कंपनीच्या जाळ्यातच बसवलेला असतो. तिथे वेग भरपूर दिसतो आणि प्रत्यक्षात कामे अडतात. सकाळी सात, दुपारी एक आणि रात्री आठ अशा तीन वेळांना मोजले तर आणखी एक गोष्ट कळते. घरगुती फायबरच्या प्रचलित जीपॉन पद्धतीत कंपनीकडच्या एका पोर्टवरचे २.४८८ जीबीपीएस ३२ किंवा ६४ ग्राहकांत वाटले जातात, आणि त्या पोर्टच्या मागची कंपनीची लाइनही वाटणीचीच असते. सकाळी पूर्ण आणि रात्री अर्धा वेग येत असेल तर आतली वायर तपासण्यात अर्थ नाही.

त्यानंतर पिंग, म्हणजे दुसऱ्या उपकरणाला हाक मारून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणे. विंडोजच्या काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्ट) पिंग या कमांडपुढे राउटरचा पत्ता लिहा (बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१), त्यापुढे वजा-चिन्ह आणि टी. मग कंट्रोल-सी दाबेपर्यंत ते चालू राहते. वायरवर राउटरचे उत्तर १ मिलिसेकंदाच्या आत यायला हवे, चांगल्या वाय-फायवर २ ते १० मध्ये. इथेच २००-३०० चे आकडे उड्या मारत असतील किंवा मधूनच ‘टाइम्ड आउट’ येत असेल तर कंपनीला फोन करू नका. बिघाड तुमच्या भिंतींच्या आत आहे. राउटरचे उत्तर स्वच्छ असेल तर दुसऱ्या खिडकीत ८.८.८.८ ला (गुगलचा सार्वजनिक सर्व्हर) तसेच पिंग लावा. मुंबई-पुण्याकडच्या फायबरवर ते साधारण ५ ते २० च्या दरम्यान मिळायला हरकत नसते. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे १०० किलोमीटरची जा-ये एका मिलिसेकंदाची. अमेरिकेतल्या सर्व्हरला २०० च्या आसपास लागणारच, ते कुठल्याही प्लॅनने कमी होत नाही.

ट्रेसर्ट ही सर्व्हरपर्यंतच्या वाटेतला प्रत्येक टप्पा दाखवणारी कमांडही एकदा चालवून बघावी, मात्र वाचताना एक सावधगिरी हवी. मधल्या एखाद्या ओळीत तारे किंवा मोठा आकडा दिसला आणि त्याखालच्या ओळी व्यवस्थित असल्या तर तो दोष नव्हे. मोठे राउटर अशा चौकशीला मुद्दाम उशिरा उत्तर देतात. खरा दोष जिथून सुरू होतो तिथून शेवटपर्यंत दिसत राहतो. याच यादीत पहिल्या दोन्ही ओळींत १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते दिसले तर तुमच्याकडे एकामागे एक दोन राउटर काम करताहेत. १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता दिसला तर कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटला आहे. अशा जोडणीवर कधी कधी काही पाने उघडतात, काही लटकतात आणि बाहेरून थेट सीसीटीव्ही बघता येत नाही. त्यासाठी स्थिर पत्ता मागून घ्यावा लागतो, वेग वाढवून उपयोग नाही.

आता वायर. स्पीड टेस्टचा आकडा ९३ ते ९५ वर येऊन थबकत असेल, मग प्लॅन २०० चा असो की ५००चा, तर वाटेत कुठेतरी १०० एमबीपीएसचा सांधा आहे हे नक्की समजावे. शंभराच्या पोर्टमधून पॅकेटची (डेटाच्या तुकड्यांची) वेष्टने वजा जाता तेवढेच निघते. तो सांधा तीन ठिकाणी सापडतो. एक, राउटर. ड्युअल बँड म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक स्वस्त राउटरचे पोर्ट शंभराचेच असतात, खोक्यावर ‘१२००’ छापलेले असले तरी. तो आकडा वाय-फायच्या दोन्ही बँडची बेरीज असतो. दोन, टेबलाखाली धूळ खात पडलेला पाच पोर्टचा जुना स्विच (एका वायरीवर अनेक कॉम्प्युटर जोडणारा डबा). तीन, केबल. शंभराला केबलमधल्या चारपैकी दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. एक तार कनेक्टरच्या जोडात (क्रिंपमध्ये) सुटली की लिंक मुकाट्याने शंभरावर उतरते. दिवा लागलेला असतो, नेट चालू असते, कोणाला संशय येत नाही. विंडोज ११ मध्ये इथरनेटच्या सेटिंगमध्ये ‘लिंक स्पीड’ दिसतो. तिथे १०००/१००० हवे. १००/१०० दिसले तर केबल बदलून बघा. १० दिसले तर पोर्ट अर्धवट जळालेला असण्याची शक्यता धरा. पावसाळ्यात वीज कडाडून गेल्यावर हा प्रकार आढळतो. म्हणूनच दोन इमारतींमध्ये तांब्याची लॅन केबल कधीही ओढू नये, तिथे फायबरच टाकावे.

इलेक्ट्रिशियनकडून लॅनचे काम करून घेण्याची आपल्याकडे सवय आहे. तो वायर ओढतो उत्तम, पण दोन गोष्टी हमखास करतो. एकाच केबलमधल्या चार तारा एका कॉम्प्युटरला आणि चार दुसऱ्याला देतो, किंवा निळ्या जोडीवर लँडलाइन चढवतो. दोन्हीत गिगाबिट गेले. दुसरे, रंग जोडीने ओळीत लावतो: केशरी, हिरवा, निळा, तपकिरी. दोन्ही टोकांना तोच क्रम असल्यामुळे दिव्यांचा स्वस्त टेस्टर आठही दिवे लावून ‘ठीक’ म्हणतो, पण ३ आणि ६ क्रमांकाच्या पिनांवर वेगवेगळ्या जोड्यांतल्या तारा येतात. जोडीला दिलेल्या पिळाचा फायदा संपतो, शेजारच्या जोडीचा सिग्नल आत शिरतो आणि लांब वायरवर पॅकेट गळू लागतात. बरोबर क्रम असा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. कनेक्टरपाशी पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उकलू नये. एकूण लांबी १०० मीटरच्या आत, त्यात भिंतीतली ९० आणि पॅच कॉर्डची (दोन्ही टोकांच्या सुट्या वायरींची) १०.

बाजारात स्वस्त मिळणाऱ्या ३०५ मीटरच्या बऱ्याच बॉक्समध्ये तांबे नसते, तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम असते. तार ब्लेडने खरवडली की आतून पांढरी निघते. बॉक्स उचलतानाच हलका लागतो. तिचा विद्युतरोध तांब्याच्या सुमारे दीडपट. कॉम्प्युटरपर्यंत कशीबशी चालते, पण तिच्यावरून कॅमेऱ्याला वीज पाठवली की गडबड होते. दिवसा चालणारा कॅमेरा रात्री इन्फ्रारेड दिवे पेटल्यावर जास्त वीज ओढतो, व्होल्टेज पडते आणि तो पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होतो. बिलावर ‘शुद्ध तांबे’ असे लिहून घ्यावे. लिहून देताना दुकानदाराने टाळाटाळ केली की काय ते समजते.

वायरीतच मोडणारी आणखी एक आपत्ती: साफसफाईनंतर कोणीतरी मोकळी दिसलेली पॅच कॉर्ड भल्या मनाने त्याच स्विचमध्ये खोचते. केबलची दोन्ही टोके एकाच स्विचमध्ये गेली की पॅकेट गोल गोल फिरत वाढत जातात, सगळे दिवे एकाच लयीत वेड्यासारखे लुकलुकतात आणि दोन मिनिटांत ऑफिस ठप्प होते. एकेक वायर काढत गेले की जिच्यामुळे दिवे शांत होतात ती गुन्हेगार.

वाय-फायबद्दल लोकांना सर्वाधिक रस असतो, म्हणून थोडक्यात. २.४ गिगाहर्ट्झच्या बँडमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. राउटर ‘ऑटो’वर सोडण्याऐवजी मोबाइलवरच्या एखाद्या वाय-फाय ॲनालायझर ॲपने शेजारच्यांचे चॅनेल बघावेत आणि तिघांतला त्यातल्या त्यात मोकळा घ्यावा. तीन किंवा चार नंबरचा ‘मधला’ चॅनेल निवडणारा दोन्हीकडच्या शेजाऱ्यांचा त्रास ओढवून घेतो. रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवावी, या बँडमध्ये ४० करू नये. कामाचे लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर न्यावेत आणि २.४ वर प्रिंटर, हजेरीचे मशीन, कॅमेरे ठेवावेत. सिग्नलची ताकद डीबीएममध्ये उणे आकड्याने मोजतात, आकडा शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. ती उणे ६७ डीबीएम किंवा त्याहून चांगली (उणे ५० म्हणजे उत्तम) असेल तर मीटिंग नीट चालते. उणे ७५ च्या पलीकडे तक्रारी सुरू होतात. कोपऱ्यातला एक जुना लॅपटॉप ६ एमबीपीएसवर रडतखडत जोडला गेलेला असेल तर तेवढीच फाइल न्यायला तो ६० वाल्याच्या दहापट वेळ वाय-फायचा चॅनेल अडवतो, आणि बाकीचे ताटकळतात. राउटर लोखंडी कपाटात किंवा पीओपी सीलिंगच्या वर एसीच्या डक्टशेजारी ठेवण्याची फॅशन आहे. ती सोडावी. एकाच रेडिओवर चालणारा रिपीटर वेग निम्मा करतो, कारण तोच सिग्नल ऐकून तोच पुन्हा बोलावा लागतो. त्याऐवजी जुना राउटर वायरने जोडून ॲक्सेस पॉइंट (फक्त वाय-फाय पुरवणारे उपकरण) म्हणून वापरावा: त्याचा पत्ता वेगळा द्या, डीएचसीपी (कॉम्प्युटरना आपोआप पत्ते वाटण्याची सोय) बंद करा आणि केबल वॅनमध्ये (इंटरनेटच्या पोर्टमध्ये) न लावता लॅन पोर्टमध्ये लावा. डीएचसीपी चालू राहिले तर ऑफिसात पत्ते वाटणारे दोघे होतात. निम्म्या कॉम्प्युटरना चुकीचा रस्ता मिळतो आणि ‘कालपर्यंत प्रिंटर दिसत होता’ ही तक्रार येते.

ज्या कारणाकडे सर्वांत कमी लक्ष जाते ते आता. राउटरच्या पिंगमध्ये दोष नाही, वायर गिगाबिट, एकट्याने स्पीड टेस्ट घेतली तर पूर्ण शंभर. तरीही दुपारी बारा वाजता पोर्टल उघडायला आठ सेकंद लागतात, मीटिंगमध्ये आवाज तुटतो. अशा वेळी अपलोड बघा. ऑफिसातून बाहेर जाणारा रस्ता पुष्कळ जोडण्यांवर आत येणाऱ्या रस्त्याहून खूप अरुंद असतो. तो भरला की राउटर किंवा मोडेम पॅकेट टाकून देत नाही, साठवून ठेवतो. समजा अपलोड १० एमबीपीएस आहे आणि उपकरणात १ मेगाबाइटचा साठा आहे. १ मेगाबाइट म्हणजे ८ मेगाबिट, ते बाहेर पडायला ०.८ सेकंद. आता तुमची एक क्लिक या रांगेच्या शेवटी उभी राहते. रेल्वेच्या आरक्षण खिडकीवर चाळीस फॉर्म घेऊन आलेल्या एजंटच्या मागे एका तिकिटासाठी उभे राहावे तशी. शिवाय डाउनलोडही अडते, कारण आलेल्या डेटाची पोचपावती याच रांगेतून परत जाते आणि पावती उशिरा पोचली की पलीकडचा सर्व्हर पाठवण्याचा वेग कमी करतो. याला बफरब्लोट म्हणतात. डाउनलोडचा प्लॅन तिप्पट केला आणि अपलोड तेवढेच राहिले तर या रांगेला काहीही होत नाही. अप-डाउन सारखे असलेल्या जोडणीवर त्रास कमी असतो, पण एखादे वेगवान मशीन शंभरही भरून टाकू शकते.

तपासणी अगदी सोपी आहे. ८.८.८.८ चे पिंग चालू ठेवा आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवरून १ जीबीची फाइल क्लाउडवर चढवायला लावा. मोकळ्या वेळी ८ मिलिसेकंद असलेला आकडा १५ किंवा ३० वर गेला तर ठीक. ४००, ८०० झाला आणि फाइल थांबवताच पुन्हा ८ वर आला, तर निदान झाले.

ही रांग भरणारे कोण? बहुतेक वेळा माणूस नसतोच. क्लाउडवर सिंक होणारे फोल्डर. ऑफिसच्या वाय-फायवर येताच दिवसभराचे फोटो बॅकअपला लावणारे कर्मचाऱ्यांचे मोबाइल. अपडेटचे तुकडे इतर कॉम्प्युटरना वाटणारे विंडोज. आणि सीसीटीव्ही. मेन स्ट्रीमवर (पूर्ण दर्जाच्या चित्रावर) एका कॅमेऱ्याचा प्रवाह ४ एमबीपीएस धरला तर आठ कॅमेऱ्यांचे ३२ होतात. कॅमेरे थेट एनव्हीआरच्या (रेकॉर्डिंग करणाऱ्या डब्याच्या) मागच्या पोर्टमध्ये असतील तर ते ऑफिसच्या जाळ्यात येतही नाहीत. पण मालकांनी घरून मोबाइलवर आठही चौकोन मेन स्ट्रीममध्ये उघडले की हे ३२ एमबीपीएस बाहेरच्या रस्त्यावर येतात. ॲपमध्ये सब-स्ट्रीम (कमी दर्जाचे चित्र) निवडला की काम होते, आणि मोबाइलच्या पडद्यावर फरक दिसतही नाही. (हे मालकांना सांगण्याचे धैर्य कोणी करायचे, हा तांत्रिक प्रश्न नाही.)

उपाय दोन पातळ्यांवर आहेत. फुकटचा असा: गुगल ड्राइव्ह आणि वनड्राइव्हच्या सेटिंगमध्ये अपलोडला मर्यादा घालता येते, ती एकूण अपलोडच्या चौथाईवर ठेवा, बॅकअप रात्री दहानंतर लावा, विंडोज अपडेटच्या ॲडव्हान्स्ड पर्यायांत डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन बंद करा किंवा फक्त स्थानिक नेटवर्कपुरते ठेवा, कर्मचाऱ्यांच्या मोबाइलना वेगळे गेस्ट वाय-फाय देऊन त्याला मर्यादा लावा. पक्का उपाय राउटरमध्ये रांग हुशारीने सांभाळण्याचा. ओपनडब्ल्यूआरटी या राउटरच्या मोफत सॉफ्टवेअरवर ‘एसक्यूएम’ नावाचे पॅकेज आहे, मायक्रोटिक कंपनीच्या राउटरओएस ७ मध्ये ‘केक’ आणि ‘एफक्यू-कोडेल’ या रांगा आहेत. दोन्हीकडे तत्त्व एकच: मोजलेल्या वेगाच्या सुमारे ९० टक्के मर्यादा द्यायची, म्हणजे १० चे अपलोड असेल तर ९. मग रांग मोडेममध्ये न साठता आपल्या राउटरमध्ये तयार होते, आणि तो छोट्या पॅकेटना मोठ्या फाइलमागे अडकू देत नाही. एक दशांश वेग सोडायला लोक कुरकुरतात. सेटिंग झाल्यावर वरची पिंगची तपासणी पुन्हा करून दाखवावी. दोन अडचणी मात्र लक्षात घ्या. मायक्रोटिकवर फास्टट्रॅक (पॅकेट झटपट पुढे ढकलण्याची सोय) चालू असेल तर साध्या रांगा वळसा घालून टाळल्या जातात, तसेच इतर राउटरवर हार्डवेअर ऑफलोड. ते बंद करावे लागते. आणि बंद केल्यावर सगळा भार प्रोसेसरवर येतो, त्यामुळे स्वस्त राउटर २००-३०० एमबीपीएसला दम टाकतो. तेवढा प्लॅन असेल तर राउटरही तसा घ्यावा लागतो, आणि प्लॅन वाढवण्याच्या खर्चात ही रक्कम कोणी सांगत नाही.

किरकोळ पण चकवणारे दोन दोष. पान उघडायला पहिले तीन-चार सेकंद काहीच होत नाही आणि मग झपकन उघडते, तर डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) बघा, राउटरमध्ये १.१.१.१ किंवा ८.८.८.८ टाकून फरक पडतो. डाउनलोडचा वेग त्याने सहसा वाढत नाही, आणि ज्या ऑफिसात डोमेन सर्व्हर (सगळ्यांचे लॉगिन सांभाळणारा) आहे तिथे कॉम्प्युटरवरचा डीएनएस बदलला तर लॉगिनच अडेल. दुसरा: काही साइट पूर्ण उघडतात, काही अर्ध्यावर अडतात. युजरनेम-पासवर्ड टाकून चालणाऱ्या पीपीपीओई जोडणीत पॅकेटची कमाल मर्यादा १५०० ऐवजी १४९२ बाइट असते. १.१.१.१ ला वजा-एफ, वजा-एल १४६४ असे पिंग करा. १४६४ मध्ये २८ मिळवले की १४९२. ते जात नसेल तर आकडा कमी करत जा आणि जो जाईल त्यात २८ मिळवून राउटरच्या एमटीयूच्या (पॅकेटच्या कमाल मर्यादेच्या) चौकटीत भरा.

राउटर बंद-चालू केला की दोन दिवस बरे वाटते, पुन्हा येरे माझ्या मागल्या, असे असेल तर तो तापतो आहे, त्याची स्मृती भरते आहे किंवा ॲडॉप्टर म्हातारा झाला आहे. १२ व्होल्टचा ॲडॉप्टर भार असताना मल्टिमीटरवर ११ च्या खाली दाखवत असेल तर तो फेकून द्यावा. नवा घेताना व्होल्टेज तेच हवे, अँपिअर तेवढे किंवा जास्त.

लॅपटॉप थेट जोडूनही वेग नसेल तर फायबरच्या डब्याकडे जा. ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या त्याच्या सेटिंगच्या पानावर ‘आरएक्स पॉवर’ (पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद) दिसते. उणे १५ ते उणे २५ डीबीएममध्ये असेल तर निर्धास्त राहावे. उणे २७ च्या पलीकडे जोडणी तुटू लागते. ३ डीबी घट म्हणजे प्रकाश निम्मा. ही घट होते ती बिजागरीत चिमटलेल्या वायरीने, खिळ्याभोवती घट्ट गुंडाळलेल्या वेटोळ्याने (३० मिलिमीटरपेक्षा कमी त्रिज्येत वाकवू नये), नाहीतर हिरवा कनेक्टर निळ्यात खोचल्याने. हिरव्याचे टोक ८ अंशांत तिरपे घासलेले असते, निळ्याचे तसे नसते. ते जुळतच नाहीत, तरी कनेक्टर बसतो. टोक स्वच्छ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारा कागद लागतो, शर्टाची बाही नव्हे. फायबरच्या टोकात डोकावू नये. तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो.

आणि ज्याला नेट स्लो म्हणतात ते कधी कधी नेटच नसते. टॅलीचा डेटा दुसऱ्या कॉम्प्युटरच्या शेअर केलेल्या फोल्डरमध्ये आहे, तो कॉम्प्युटर वाय-फायवर आणि त्यात जुनी फिरती हार्ड डिस्क. इथे इंटरनेटचा संबंधच येत नाही. त्या मशीनला वायर आणि एसएसडी द्या. २० तारखेच्या संध्याकाळी जीएसटीचे पोर्टल रेंगाळते तेव्हा शेजारच्या टॅबमध्ये दुसरी भारतीय साइट उघडून बघावी. सप्टेंबर २०२५ मध्ये सौदी अरेबियातल्या जेद्दाहजवळ समुद्रातल्या केबल तुटल्या, तेव्हा परदेशातल्या सर्व्हरवर चालणारी कामे मंदावली होती. त्या दिवसांत राउटर बदलून काय मिळणार होते?

शेवटी कंपन्यांकडे आणि नियामकांकडे एक मागणी. दूरसंचार विभागाने २०२३ साली ब्रॉडबँडची व्याख्या बदलून किमान डाउनलोड वेग ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएस केला. त्या व्याख्येत अपलोडचा उल्लेखही नाही. जाहिरातीत आणि बिलावर डाउनलोडच्याच टायपात अपलोडचा आकडा, ‘एफयूपी’ची (पूर्ण वेगाने मिळणाऱ्या डेटाची) मर्यादा आणि ती संपल्यावरचा वेग छापावा, तसेच जोडणी बसवणाऱ्याने त्या दिवशीची आरएक्स पॉवर डब्यावर लिहून द्यावी. पुढे घट झाली की ग्राहकाला पुरावा राहतो. वरच्या मोजण्या झाल्यावर दोष बाहेरचाच ठरला तर थेट जोडलेल्या लॅपटॉपवरच्या तीन वेळांच्या टेस्ट, पिंगचे स्क्रीनशॉट आणि आरएक्स पॉवर जोडून तक्रार करावी आणि तक्रारीचा डॉकेट क्रमांक घ्यावा. फोनवर नुसते ‘स्लो आहे’ म्हटले तर ‘राउटर रीस्टार्ट करा’ एवढेच उत्तर मिळते. मुदतीत निवारण झाले नाही तर दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१२ च्या विनियमांनुसार कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे, ती मुदत संपल्यापासून ३० दिवसांत अपील करता येते. त्याला शुल्क नाही आणि निर्णय ३९ दिवसांत द्यावा लागतो.

आपले,
छोट्या ऑफिसांची नेटवर्किंगची कामे करणारे तंत्रज्ञ,
पुणे